दानुमच्या जंगल लॉजवर राहायला जाताय? पैसे कशाचे मोजता आणि तयारी कशाची करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब: नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई. ताडोबा आणि कान्हा पाहून झालंय. आता बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सबा राज्यातल्या दानुम खोऱ्यात, नदीकाठच्या छोट्या पण महागड्या जंगल लॉजवर दोन रात्री राहायचं मनात आहे. शंका चार: एवढे पैसे घालून ओरांगउटान दिसेल का, आईला झेपेल का, जळवांचं काय करायचं, आणि आई शुद्ध शाकाहारी आहे त्याचं काय.

मी या भागात बरीच वर्षं मराठी गट घेऊन जाते, त्यामुळे आधी सरळ सांगते. जरूर जा. मात्र दोन रात्री करू नका, तीन करा. बजेट तेवढंच असेल तर खोली एक पायरी साधी घ्या, नदीकडेच्या खोलीचा आणि गच्चीतल्या टबाचा मोह सोडा आणि वाचलेल्या पैशांत रात्र वाढवा. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती फिरतं, म्हणून त्याचा हिशोब नीट मांडते.

तुम्ही सबाची राजधानी कोटा किनाबालूहून सकाळच्या छोट्या विमानाने लाहाद दातू या गावी उतरता. तिथून लॉजची गाडी तुम्हाला घेते. पुढचा बहुतेक रस्ता खडीचा आहे, अडीच तास धरून चाला. पोचेपर्यंत जेवायची वेळ होते. शेवटच्या दिवशी नाश्ता उरकून परत निघायचं असतं. म्हणजे 'तीन दिवस दोन रात्री' या पॅकेजमध्ये सबंध दिवस एकच हाती लागतो. आणि वर्षावनात दिवसाचे सगळे तास सारखे नसतात. पहाटे उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत, एवढाच काळ खरा कामाचा. दोन रात्रींत पहाटा मिळतात दोन. त्यातल्या एकीला बॅगा भरायची घाई, आणि दुसरीला पाऊस लागला तर काय घ्या! तिसरी रात्र घेतली की पहाटा तीन होतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचे डोळे आणि कान तोवर सरावलेले असतात. माझ्या गटांतली माणसं पहिल्या दिवशी 'नुसती झाडंच आहेत' म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी तीच माणसं मला पानाखालचा सरडा दाखवतात.

हे जंगल ताडोब्यासारखं नाही, ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना निघण्याआधी सांगून ठेवा. ताडोब्यात पाणवठा असतो, मोकळं गवत असतं, जिप्सी असते आणि वाघ कुठून रस्ता ओलांडणार याचा अंदाज बांधता येतो. दानुममध्ये बारमाही पाऊस, त्यामुळे पाणी सगळीकडे. कुठल्याच प्राण्याला अमुक ठिकाणी यायची गरज पडत नाही. झाडं पन्नास-साठ मीटर उंच, फळं-फुलं वरच्या छतात, म्हणून बहुतेक प्राणीही वरच. तुम्ही खालच्या अंधारातून पायी चालता आणि मान वर करून शोधता. दोन तासांत एकही मोठा प्राणी न दिसणं इथे नेहमीचं आहे. पुढच्या दहा मिनिटांत तांबड्या-तपकिरी रंगाच्या लंगूरांचा अख्खा कळप डोक्यावरून उड्या मारत जाणं, हेही तितकंच नेहमीचं.

पैसे कशाचे, तर या जंगलाच्या आत राहण्याचे. दानुम व्हॅली संवर्धन क्षेत्र ४३८ चौरस किलोमीटरचं आहे. ते यायासान सबा या संस्थेच्या प्रचंड मोठ्या लाकूडतोड-पट्ट्यात येतं, पण १९८१ मध्ये हा भाग बाजूला ठेवला गेला आणि १९९५ मध्ये त्याला सबाच्या कायद्यातलं पहिल्या वर्गाचं राखीव जंगल म्हणून संरक्षण मिळालं. इथे कधी तोड झाली नाही, आत गावंही नाहीत. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचा वर्षावन-संशोधन कार्यक्रम १९८५ पासून इथे रुजला. याच खोऱ्यात २०१८ मध्ये विमानातल्या लेसर मोजणीतून मेरांटी जातीचं एक झाड सापडलं. २०१९ च्या जानेवारीत स्थानिक गिर्यारोहक शेंड्यापर्यंत चढला, टेप खाली सोडला आणि उंची भरली १००.८ मीटर. उष्ण कटिबंधातलं शंभर मीटर ओलांडणारं, मोजून सिद्ध झालेलं ते पहिलं झाड. त्याचं नाव ठेवलं मेनारा, म्हणजे मलय भाषेत मनोरा.

लाहाद दातूहून येताना पहिला बराच वेळ खिडकीबाहेर तेलताडाचे मळे दिसतात, रांगेत, एकसारखे, संपता संपत नाहीत. मुलीला ते बघू द्या. पामतेलाची जगातली सर्वांत मोठी आयात आपल्या देशाची आहे. आपल्या फरसाणात आणि बिस्किटांत जे जातं ते अशाच मळ्यांतून येतं. मळे संपून पूर्वी तोडलेलं जंगल लागतं आणि शेवटी न तोडलेलं. हा बदल गाडीतूनसुद्धा कळतो. बोर्निओचे ठेंगणे हत्ती मात्र बरेचदा या मधल्या पट्ट्यातच, रस्त्याकडेच्या गवतात चरताना भेटतात, तेव्हा प्रवासात झोपू नका.

आता ओरांगउटान. रानटी ओरांगउटान दिसेलच, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नका. तीन रात्रींच्या मुक्कामात शक्यता चांगली असते, माझे बहुतेक गट पाहून परतले आहेत, पण सगळे नाहीत. हा प्राणी एकेकटा राहतो आणि रोज संध्याकाळी फांद्या मोडून नवं घरटं बांधतो. वड-उंबराच्या कुळातलं एखादं झाड लॉजजवळ फळलं असेल तर तो दिवसेंदिवस तिथेच मुक्काम ठोकतो. नसेल तर शोध. शिवाय या जंगलातली मोठी झाडं दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने, कधी ते नक्की न सांगता, सगळी एकदम फळतात. तुमचं वर्ष कोणतं निघेल हे तिकीट काढताना कळत नाही.

शोधाचं काम कोण करतं? तुमचा गाईड. या लॉजवरची सगळ्यांत मोलाची सोय तोच आहे, बुफे आणि बाथटब त्याच्या नंतर. एक प्रसंग सांगते. एका सकाळी आमचा गाईड चालता चालता थांबला आणि खाली वाकला. पायवाटेवर फळाची चघळून थुंकलेली साल पडली होती. त्याने ती बोटांनी दाबली, ओली होती, कडेला तपकिरी पडली नव्हती. मग त्याने वर न बघता कान दिला. मलाही काही ऐकू आलं नव्हतं. मिनिटभराने फांदी वाकून सुटल्याचा आवाज आला, वारा नसताना. आम्ही तिथेच बसलो. बऱ्याच वेळाने पानांतून एक तांबूस हात बाहेर आला, मग पोटाशी पिल्लू धरलेली मादी. तिने आमच्याकडे पाहिलं आणि खाणं चालू ठेवलं. गटातल्या दोघांनी घाई करून पुढच्या वाटेचा आग्रह धरला असता, तर आम्ही तिच्या खालून सरळ निघून गेलो असतो.

म्हणून बुकिंग करतानाचा पहिला प्रश्न खोलीबद्दल नको, गाईडबद्दल हवा. एका गाईडमागे किती पाहुणे? सहा ठीक, आठाच्या वर नको. सगळ्या मुक्कामात गाईड एकच राहील का? राहिला पाहिजे, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कळलेलं असतं की तुमच्या आईचा वेग किती आणि मुलीला कीटक आवडतात की पक्षी. शक्य असेल तर कुटुंबापुरता वेगळा गाईड मागा. चार माणसांत तो खर्च फार वाटत नाही आणि आईसाठी तर तो घ्याच.

आईबद्दल. वय अडचणीचं नाही, गुडघे आणि तोल महत्त्वाचे. लॉजच्या आसपास लाकडी फळ्यांची सपाट वाट असते, ती कोणालाही जमते. झाडांच्या छतातला झुलता पूल सुमारे ३०० मीटर लांब आणि पंचवीस मीटरहून उंच आहे. चढ फार नाही, पण तो हलतो, त्यामुळे उंचीची भीती असेल तर सक्ती करू नका. 'कॉफिन क्लिफ' नावाची कड्यावरची वाट मात्र खऱ्या चढाची आहे. वर स्थानिक लोकांच्या जुन्या लाकडी शवपेट्यांचे अवशेष आहेत आणि तिथून लॉज व नदीचा वळसा दिसतो. मुळं, चिखल, दोरी धरून चढायचे टप्पे, आणि दमट हवेत घाम वाळतच नाही. सिंहगड सहज चढणाऱ्या माणसालाही इथे धाप लागते. आईंनी त्या सकाळी व्हरांड्यात दुर्बीण घेऊन बसावं. मी हे समजूत काढायला म्हणत नाही. नदीसमोर दोन तास स्वस्थ बसलेल्या माणसाला गेंडा-धनेश पक्षी, लंगूर आणि कधी पाणमांजरंही दिसतात, आणि वाटेवर घामाघूम झालेल्यांना बरेचदा फक्त वाट दिसते.

गुडघ्यांचा त्रास जास्त असेल तर बेत असा करा: आधी दोन रात्री किनाबातांगान नदीवर, सुकाऊ गावाजवळ, आणि मग दानुम. किनाबातांगानला सगळं होडीतून बघायचं असतं. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं संध्याकाळी नदीकाठच्या झाडांवर झोपायला येतात, ती हमखास दिसतात. तिथे प्राणी सहज दिसण्याचं एक कारण दुःखद आहे. नदीकाठी जंगलाची चिंचोळी पट्टी उरली आहे आणि मागे तेलताडाचे मळे आहेत, प्राण्यांना जायला दुसरी जागाच नाही. दोन्ही ठिकाणं पाहिली की न तोडलेलं जंगल म्हणजे काय, ते समजतं. वाटेत सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र करता येतं. ते १९६४ पासून चालू आहे. मुलीला तिथे अनाथ पिल्लं पाहता येतील आणि दानुममध्ये रानटी ओरांगउटान नाही दिसला तरी ती हिरमुसणार नाही.

जळवांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्या भीतीने काही जण अख्खी सहल खाली बघत काढतात. दानुममध्ये जळवा दोन प्रकारच्या. एक तपकिरी, जमिनीवर, पालापाचोळ्यात. ही चावलेली कळत नाही. दुसरी वाघजळू, अंगावर पट्टे असलेली, झुडपांच्या पानांवर गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर बसते. ही चावली की टोचल्यासारखं जाणवतं. पानाच्या टोकाला मागचा भाग चिकटवून ती पुढचं तोंड हवेत फिरवत तुमचा अंदाज घेत असते, एकदा नीट बघा. उपाय साधे आहेत. घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स लॉजवर मिळतात, मुलीच्या मापाचे आहेत का ते आधी विचारा. शर्ट पँटमध्ये खोचा, वाटेवर झुडपांना घासून चालू नका, थांबलात की एकमेकांची पाठ आणि मान बघा. जळू लागलीच तर नखाने तिचं तोंड कडेने सरकवून सोडवा. मीठ, तंबाखू, काडी असलं काही नको. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे जखम बारीक असूनही बराच वेळ रक्त झिरपत राहतं, ते पाहून घाबरू नका. स्वच्छ धुवा आणि कापूस दाबून पट्टी लावा. आईंना रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मात्र निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी या एकाच मुद्द्यावर बोलून घ्या.

खरी काळजी डासांची घ्या. सबामध्ये माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा, प्लास्मोडियम नोलेसी नावाचा मलेरिया आढळतो आणि डेंग्यूही आहे. संध्याकाळी पूर्ण बाह्या, डासांना दूर ठेवणारं, डीट असलेलं मलम, आणि मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांना विचारून. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आपण बोर्निओच्या जंगलात राहून आलो. लॉजवरून रुग्णालयाला जायचं म्हणजे तोच अडीच तासांचा खडीचा रस्ता आहे. आईंची औषधं दुप्पट घ्या आणि अर्धी दुसऱ्या बॅगेत ठेवा. आणीबाणीत हलवण्याचा खर्च भागवणारा प्रवासविमा काढा. ओआरएसची पाकिटं भरपूर न्या, चालून आल्यावर सगळ्यांनीच प्यायची.

शाकाहाराची सोय होते, पण 'व्हेजिटेरियन' एवढं लिहून भागत नाही. मलय स्वयंपाकात भाज्यांच्या परतण्यातही बेलाचान घालतात, म्हणजे कोलंबीच्या जातीच्या जवळ्याची आंबवलेली पेस्ट. संबल चटणीत ते बहुतेक वेळा असतंच. चिनी पद्धतीच्या भाज्यांत ऑयस्टर सॉस असतो. म्हणून बुकिंगच्या वेळी लेखी कळवा: मांस, मासे, बेलाचान, ऑयस्टर सॉस, फिश सॉस नको. अंडं चालतं की नाही तेही लिहा. पोचल्यावर गाईडला सांगून आचाऱ्याशी आईंची गाठ घालून द्या, दुसऱ्या जेवणापासून फरक दिसतो. घरचं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू जरूर न्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात. खोलीत उघडा खाऊ राहिला की तासाभरात मुंग्यांची रांग लागते आणि व्हरांड्यावर विसरलेला डबा माकडं पळवतात. त्याहून बरं म्हणजे डबे स्वयंपाकघरातच ठेवायला द्या. माणसांचं खाणं चाखलेलं माकड पुढे आक्रमक होतं आणि त्याची किंमत माकडालाच मोजावी लागते.

कपड्यांबद्दल एवढंच की सुती आणि जीन्स घरी ठेवा. भिजलेलं सुती कापड तिथे तीन दिवसांत वाळत नाही. पातळ, लवकर सुकणारे कपडे चार जोड, हलका रेनकोट, डोक्याला लावायची बॅटरी माणशी एक. पायांत काय घालावं याचं उत्तर तिथल्या गाईडच्या पायांकडे पाहून मिळतं: काळे रबरी, खाली खुंट्या असलेले स्वस्त बूट, ज्यांना मलेशियात गमतीने 'आदिदास काम्पुंग' म्हणतात. चिखलात पकड उत्तम, धुतले की कोरडे. कोटा किनाबालूच्या साध्या दुकानात मिळतात, मोजे जाड घाला. दुर्बीण मात्र घेऊनच जा, आठ बाय बेचाळीसची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी), निदान दोघांत एक. झाडांच्या शेंड्यावरचा प्राणी मोबाइलमध्ये काळा ठिपका दिसतो. खोली वातानुकूलित असेल तर कॅमेरा निघण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, नाहीतर भिंगावर वाफ धरते आणि नेमका पहाटेचा उजेड हातचा जातो.

हवामानाचं फार मनाला लावून घेऊ नका, पाऊस कधीही येतो. तरी डिसेंबर-जानेवारी टाळा. मे महिन्याची सुट्टी तुम्हाला सोयीची आहे आणि काळही चांगला आहे. सबाचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. तिथे पहाटे साडेपाचला उठायचं म्हणजे शरीराच्या हिशोबाने रात्रीचे तीन. म्हणून कोटा किनाबालूला आधी एक रात्र काढा. आणि क्वालालंपूरहून येत असाल तरी पासपोर्ट हातात ठेवा, सबाची स्वतःची वेगळी इमिग्रेशन तपासणी असते.

मुलीला दहाव्या वर्षी नेणं अगदी योग्य आहे. रात्री उघड्या ट्रकमधून प्रकाशझोत टाकत फिरवतात, त्यात उडत्या खारी, लाजवंती (स्लो लोरिस हा संथ चालीचा निशाचर प्राणी), कधी बिबट-मांजर दिसतं. पण तिच्यासाठी मी सर्वांत आधी संध्याकाळ सुचवीन, लॉजच्याच अंगणातली. सहाच्या सुमाराला एक मोठा सिकाडा, म्हणजे झाडावरचा कर्कश ओरडणारा किडा, ओरडायला लागतो. आवाज इतका मोठा की नवखा माणूस गाडीचा भोंगा समजतो, आणि वेळ इतकी पक्की की त्याला 'सहाचा सिकाडा' म्हणतात. त्यानंतर उजेड झपाट्याने जातो. उंच झाडाच्या ढोलीतून लाल महाउडणखार बाहेर येते, खोडावर वर चढते, थोडी थबकते आणि चार पाय फाकून अंगणावरून पलीकडच्या झाडावर तरंगत जाते. यासाठी कुठेही जायचं नसतं, फक्त त्या वेळी खोलीत आंघोळ करत बसायचं नाही.

सर्दी-खोकला झाला असेल तर ओरांगउटानपासून लांब राहा आणि मास्क लावा. आपले श्वसनाचे आजार त्यांना लागतात. दहा मीटरांच्या आत जायचं नाही, तो स्वतः खाली आला तरी आपण मागे सरायचं. पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर आवाज लावू नका आणि गाईडलाही तसं सांगू नका.

पैशांची तुलना करताना पॅकेजमध्ये काय धरलंय ते बघा. लाहाद दातूहून ये-जा, तिन्ही वेळचं जेवण, गाईडसह सगळ्या फेऱ्या यात येतात का? दर माणशी आहे की खोलीमागे? मुलीला सवलत किती? हे सगळं बसून हिशोब केला तर दिसणारा आकडा वाटतो तेवढा अवास्तव नसतो. तरीही तो हाताबाहेर जात असेल तर दानुममधलंच संशोधन केंद्र बघा. तिथे साध्या खोल्या आणि साधं जेवण मिळतं, जंगल तेच. सुखसोयी कमी असल्याने आईंसोबत मी लॉजच निवडीन, पण तुम्ही दोघंच असतात तर केंद्राचं नाव आधी घेतलं असतं.

लॉजला पाठवायच्या पत्रात एवढं लिहा: तीन रात्री, कुटुंबासाठी स्वतंत्र गाईड, आईंसाठी जेवणघराजवळची आणि पायऱ्या कमी असलेली खोली, आहाराची वर दिलेली यादी, मुलीच्या मापाचे लीच सॉक्स. उत्तर आलं की विमानांच्या वेळा ठरवायच्या आधी मला कळवा. लाहाद दातूचं विमान उशिरा पोचलं तर लॉजची गाडी थांबते का, हे त्यांच्याकडून लेखी घ्यायचं राहून जातं.